पचनाच्या बाटलीवर खरं काय ते लिहायला लावा

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय: पचनासाठी म्हणून विकली जाणारी एन्झाइमची सिरपं, गोळ्या आणि पावडरी

महोदय,

सविनय नमस्कार. बार्शीत एकतीस वर्षं मेडिकल चालवून गेल्या वर्षी मी काउंटर मुलाच्या ताब्यात दिलं. त्यामुळे आता वेळ आहे, आणि 'स्कीम बंद होईल' ही भीतीही नाही. या पत्रात मागणी आहे, पण तिच्याआधी एक कबुली आहे.

माझ्या दुकानातून तापाच्या गोळ्यांच्या खालोखाल काही गेलं असेल, तर ती पचनाची बाटली. 'जेवणानंतर दोन चमचे.' अननसाच्या चवीची, पिवळट, गोड. दिवाळीचा फराळ उरकला की जाणार, लग्नसराईत जाणार, आखाडात मटणाचे बेत झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत दोन गिऱ्हाइकं पायरीवर. चिठ्ठी लागत नाही, कोणी मागतही नाही. 'पोट जड झालंय' म्हटलं की माझा हात आपोआप त्या फळीकडे जायचा. कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणजे एमआर, दहावर दोन फुकट द्यायचा (तीच ती 'स्कीम'), मग त्या दोन खपवायच्या म्हणून हात आणखी लवकर जायचा. बाटलीत नेमकं काय आहे, ते गिऱ्हाइकानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता सांगतो. आपल्याला ठाऊकच आहे, पण हे पत्र उघडं आहे, ते इतरही वाचतील.

अशा सिरपात बहुतेक वेळा दोन एन्झाइम असतात. शाळेच्या पुस्तकात ज्यांना आपण विकरं म्हणतो, तीच. पहिलं फंगल डायस्टेज, म्हणजे बुरशीपासून काढलेलं, पिष्ट पदार्थ फोडणारं. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं कोजी बुरशीतून ते काढलं आणि १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. अ‍ॅड्रेनॅलिन वेगळं काढणारा तो हाच. म्हणजे आपली 'पचनाची बाटली' सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. दुसरं पेप्सिन, प्रथिनं फोडणारं. लेबलावर बारीक इंग्रजी अक्षरात '१:१२००' आणि '१:३०००' असे आकडे असतात. अर्थ असा, की डायस्टेज प्रयोगशाळेत आपल्या वजनाच्या बाराशे पट पिष्ट पचवतं आणि पेप्सिन तीन हजार पट अंड्याचा पांढरा बलक. पाच मिलीत ५० मिलिग्रॅम डायस्टेज हे नेहमी दिसणारं प्रमाण धरलं, तर हिशेब होतो ६० ग्रॅम पिष्टाचा. मोठी एक भाकरी म्हणा. तीही चंचुपात्रातली. आम्लता मनासारखी, उष्णता मनासारखी, वेळ हवा तेवढा. जेवल्यानंतरचं पोट चंचुपात्रासारखं वागत नाही.

आणि निरोगी माणसाला ही एक भाकरी कशाला हवी? त्याच्या स्वादुपिंडातून रोज साधारण दीड लिटर पाचकरस पडतो. निसर्गानं तिथं इतका शिल्लक साठा ठेवलाय, की एन्झाइमचं उत्पादन दहा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत चरबीचं पचन ढासळत नाही. बाकीचे नव्वद टक्के गेले तरी माणूस जेवत असतो आणि पचवतही असतो. ज्याला खरोखर एन्झाइम कमी पडतात, त्याचं पोट 'जरा जड' होत नाही. त्याचं वजन उतरतं, शौच तेलकट, पांढुरकं, घाण वासाचं होतं, पाण्यानं जात नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. ओळखायला मात्र चुकलो. आमच्या गल्लीतला एक शिंपी जवळजवळ आठ महिने माझ्याकडून एन्झाइमच्या गोळ्यांची पट्टी नेत होता. आधी आठवड्याला एक, मग दोन. त्याची पँट कमरेत सैल होत गेली आणि तो स्वतःच ती आत घेत गेला. शिंप्याच्या घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी सोलापूरला डॉक्टरांनी शौचाची इलास्टेज तपासणी केली (स्वादुपिंडाचं एन्झाइम किती उतरतंय ते तिच्यात कळतं), सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला जुनी सूज होती आणि ते जवळपास निकामी झालं होतं.

आज तो पॅन्क्रिआटिनच्या, म्हणजे प्राण्याच्या स्वादुपिंडातून काढलेल्या एन्झाइमच्या, कॅप्सूल घेतो, तेव्हा फरक कळतो. त्या कॅप्सूलवर मिलिग्रॅमपेक्षा युनिट, म्हणजे काम करायची शक्ती, महत्त्वाची असते: १०,००० किंवा २५,००० युनिट लायपेज, म्हणजे चरबी फोडणारं एन्झाइम. मुख्य जेवणाला चाळीस-पन्नास हजार युनिट, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी, असा त्याचा हिशेब डॉक्टरांनी लावून दिलाय. आतल्या बारीक दाण्यांवर असं वेष्टण असतं, की जठराच्या आम्लात ते विरघळत नाही, पुढच्या आतड्यात गेल्यावर विरघळतं. नाहीतर लायपेज जठरातच मरतं. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची, चावायची नाही, जेवण लांबलं तर दुसरी मध्ये घ्यायची. दिवसाला शंभरावर रुपये जातात. पण त्याचं वजन भरलं. हे एन्झाइम औषध आहे, त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझ्या आठ महिन्यांच्या पट्ट्यांनी काय केलं? दुखणं झाकून ठेवलं.

दुसरी गोष्ट एका निवृत्त गुरुजींची. त्यांना मधुमेह, आणि जेवणानंतरची साखर जास्त म्हणून डॉक्टरांनी जेवणाबरोबर अकार्बोज दिलेलं. हे औषध काम कसं करतं? पिष्टाचं पचन मुद्दाम हळू करतं, म्हणजे साखर रक्तात एकदम चढत नाही. पण न पचलेलं पिष्ट खाली जातं, तिथले जंतू ते खातात, आणि गॅस होतो. गुरुजींना गॅस झाला. गुरुजी माझ्याकडे आले. मी त्यांना दिली डायस्टेज, पपईतलं पपेन आणि कोळसा असलेली गोळी. जेवणाबरोबर डॉक्टरांचं औषध पिष्ट अडवायचं, जेवणानंतर माझी गोळी ते सोडवायची, आणि वर कोळसा मूळ औषधच शोषून घ्यायचा. अकार्बोजच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, की पिष्ट फोडणारी एन्झाइम आणि कोळसा यांच्यासोबत ते देऊ नये. माहितीपत्रक माझ्याच फळीवर, खोक्यात घडी घालून पडलेलं. गोळीच्या पट्टीवर मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही. गुरुजींची साखर उतरेना, म्हणून डॉक्टरांनी आणखी एक औषध वाढवलं. तेही मीच विकलं.

अशी आणखी एक जोडी रोज होते. सकाळी उपाशीपोटी आम्ल दाबणारं पँटोप्राझोल आणि दुपारी पेप्सिनचं सिरप. पेप्सिनला काम करायला तीव्र आम्ल लागतं. एका गोळीनं चूल विझवायची आणि दुसऱ्या बाटलीनं तिच्यावर पातेलं ठेवायचं. एकाच बिलावर या दोन्ही ओळी मी स्वतः लिहिल्यात.

आता माळकरी बाबांची गोष्ट, कारण ती आपल्याच अखत्यारीत येते. आमच्याकडून पंढरपूर फार लांब नाही. वारीहून परत आलेले एक बाबा, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. पोटाला त्रास म्हणून बाटली नेली. दोन दिवसांनी परत आले आणि विचारलं, "यात कशाचं काय असतं हो?" एकतीस वर्षांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले. पेप्सिन जनावराच्या जठराच्या अस्तरातून काढतात, बहुधा डुकराच्या. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. बाटली काउंटरवर ठेवली, पैसेही मागितले नाहीत, एवढंच म्हणाले, "मरणाच्या दारात असतो तर घेतलंही असतं. ढेकर यायला कशाला?"

पाच रुपयांच्या वेफर्सच्या पुडीवर हिरवा ठिपका सक्तीचा आहे. तो नसला तर आपले अन्न सुरक्षा अधिकारी दुकानदाराला नोटीस देतात, आणि ते बरोबरच आहे. औषध म्हणून विकलेल्या त्या सिरपावर तसं काही छापायची गरज नाही. जीव वाचवणाऱ्या औषधाबद्दल मी हा वाद घालणार नाही. शिंप्याच्या कॅप्सूलमधलंही पॅन्क्रिआटिन डुकराचंच आहे, हे त्याला सांगूनच दिलं जातं आणि त्याला दुसरा इलाज नाही. पण सवयीच्या दोन चमच्यांसाठी माळकऱ्याला, जैनाला, मुसलमानाला न विचारता ते देणं मला अजून टोचतं.

लहान बाळांचंही थोडं सांगतो. 'बाळाला पचनाचे ड्रॉप्स द्या' म्हणून आया येतात. बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पिणारं. पहिले काही महिने बाळाच्या स्वादुपिंडातून पिष्ट फोडणारं एन्झाइम फारच कमी येतं, पण त्याला तेव्हा पिष्ट खायचंच नसतं. आणि आईच्या दुधात चरबी फोडणारं लायपेज दुधाबरोबरच येतं. आपल्याकडे उष्टावण सहाव्या महिन्यात करतात, ते जुन्या बायकांनी कुठल्या अभ्यासावरून ठरवलं कोण जाणे, पण हिशेब चुकलेला नाही.

काउंटर सोडायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. शास्त्रीय पुरावा म्हणून तो मांडत नाही, चहाच्या वेळेचा खेळ समजा. भाताची पेज घेतली, तीन वाट्यांत ओतली आणि प्रत्येकीत जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडिनचे थेंब टाकले. पिष्ट असलं की निळंजांभळं होतं, हे सातवीतलं पोरही सांगेल. एका वाटीत नुसता साखरेचा पाक घातला, दुसरीत त्याच आठवड्यात आलेल्या सिरपाचा चमचा आणि तिसरीत त्याच सिरपाची जुनी बाटली, जी माझ्या पश्चिमेच्या काचेत दोन उन्हाळे शोभेला उभी होती. एक्सपायरी झाली नव्हती, चार महिने बाकी होते. नव्या बाटलीच्या वाटीतला रंग चहा संपायच्या आत फिका पडला. पाकाची वाटी निळीच राहिली, ती राहणारच होती. जुन्या बाटलीची वाटी संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेपर्यंत पाकाच्या वाटीशेजारी तशीच निळी बसली होती.

चूक कंपनीची नाही म्हणत. थंड जागी ठेवा असं लेबलावर लिहिलेलं होतं. बार्शीच्या मे महिन्यात, चाळीस-बेचाळीस अंशांत, मी ती काचेत ठेवली. पण एन्झाइम म्हणजे प्रथिन आहे. पाण्यात विरघळून बाटलीत उभं राहिलं की ते उन्हानं, उष्णतेनं, नुसत्या दिवसांनीही मेलं, असं होतं. त्यात प्रथिनं फोडणारं पेप्सिन आणि स्वतः प्रथिन असलेलं डायस्टेज एकाच बाटलीत. कोण कुणाला पचवतंय हाही प्रश्नच. पॅरासिटामॉलच्या गोळीत अमुक मिलिग्रॅम आहेत का ते आपण नमुना घेऊन तपासता. या बाटल्या काउंटरवर पोचल्यावर त्यांची शक्ती शिल्लक असते का, हे माझ्या दुकानातून कधी कोणी नमुना नेऊन तपासल्याचं मला आठवत नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न स्वादुपिंडाच्या खऱ्या औषधांबाबत आला होता. तिथं पॅन्क्रिआटिनच्या कॅप्सूल कित्येक दशकं मंजुरीशिवाय विकल्या जात होत्या, आणि एका कंपनीच्या कॅप्सूलमध्ये जेवढी शक्ती तेवढी दुसरीत नाही, अशी गत होती. तिथल्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये सांगितलं, की प्रत्येक कंपनीनं रीतसर मंजुरी घ्यावी. मुदत वाढत वाढत एप्रिल २०१० पर्यंत गेली, पण शेवटी ती पाळायला लावली. ज्यांना मंजुरी नाही, त्यांना बाजार बंद. सहा वर्षं लागली, तरी झालं.

आपल्याकडेही काही झालं नाही असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १९४० च्या औषध कायद्याखाली १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्या यादीत एन्झाइमची मिश्रणं होती. एकात तर पंधरा एन्झाइम: अमायलेज, प्रोटिएज, लायपेज, लॅक्टेज, सेल्युलेज, ब्रोमेलेन, पपेन… लग्नाच्या पंगतीत वाढतात तसं सगळं एका गोळीत. ती यादी वाचून मी मुलाला म्हटलं, चला, एक काम झालं. महिनाभरात त्यानं मला मोबाईल दाखवला. त्याच धाटणीचं मिश्रण, चकचकीत डब्यात, ऑनलाइन दुकानात. फरक एवढाच, की औषधाच्या परवान्याऐवजी डब्यावर चौदा आकडी अन्न परवाना, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. वर ठळक अक्षरात मात्र गॅस, अपचन, पोटफुगी, सगळं.

आयुक्तसाहेब, म्हणूनच हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला लिहिलं. कायदा दिल्लीत होतो हे मला कळतं. पण आपल्या राज्यात अन्न आणि औषध हे दोन्ही विभाग एकाच प्रशासनात, आपल्या हाताखाली आहेत. औषधाच्या दारातून बाहेर काढलेलं पातेलं अन्नाच्या दारातून आत येताना ज्यांना दिसू शकतं, असे आपणच आहात. औषध निरीक्षक आणि अन्न सुरक्षा अधिकारी यांनी आपापल्या याद्या एका टेबलावर ठेवल्या, तरी अर्धं काम होईल.

बाकी अर्धं असं. पचनाची म्हणून विकली जाणारी सिरपं, गोळ्या आणि पावडरी यांचे नमुने दुकानातून, गोदामातून आणि ऑनलाइन मागवून घ्या, आणि लेबलावर जी शक्ती लिहिली आहे ती त्या दिवशी उरली आहे का ते तपासून निकाल जाहीर करा. एप्रिल-मे महिन्यात घ्या, तेव्हा खरं कळेल. अन्न परवान्यावर विकलेल्या डब्यांवर एन्झाइम मिलिग्रॅममध्ये मोजलेलं दिसतं, ते बंद करून युनिटमध्ये लिहायला लावा. मिलिग्रॅम म्हणजे एन्झाइमचं वजन, कर्तबगारी नव्हे. पेप्सिन आणि पॅन्क्रिआटिन कुठल्या प्राण्याचं, ते औषधाच्या बाटलीवरही लिहावं, असा प्रस्ताव राज्यातर्फे केंद्राकडे पाठवा. अकार्बोज किंवा त्याच जातीचं वोग्लिबोज घेणाऱ्यांसाठी सूचना, आणि पपेन-ब्रोमेलेन असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी सूचना, पट्टीच्या पाठीवर सहज मावते. आणि हे सगळं मराठीत. माझ्या दुकानात येणाऱ्या बाईला लेबलावरच्या इंग्रजी अक्षरांतलं काही कळत नव्हतं, आणि कळावं अशी अपेक्षाही चुकीची होती.

एक गोष्ट मात्र करू नका. सगळंच सरसकट बंद करू नका. दूध प्यायलं की ज्याच्या पोटात गुरगुरतं, त्याला लॅक्टेजची गोळी उपयोगी पडते, जरी ताक-दह्यानं बऱ्याच जणांचं भागतं. वाल, पावटे, हरभऱ्यातल्या ज्या शर्करा फोडायला माणसाच्या आतड्यात एन्झाइमच नाही, त्यांच्यासाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज काही जणांना मदत करतं. कडधान्य भिजवून, मोड आणून, पहिलं पाणी टाकलं तरीही फरक पडतो, आणि तो फुकट आहे. पण ज्याला गोळी घ्यायची त्यानं घ्यावी, ती कशासाठी आहे हे वाचून. आणि शिंप्याच्या कॅप्सूल तर कुठल्याही कारवाईत अडकता कामा नयेत. त्या तालुक्याच्या ठिकाणी अजूनही मागवाव्या लागतात, दोन दिवस उशीर झाला तरी त्याचं जेवण बिघडतं.

शेवटचं मागणं दुकानदारांबद्दल, म्हणजे आमच्याबद्दल. प्रत्येक मेडिकलमध्ये परवाना भिंतीवर लावायची सक्ती आहे. त्याच्या शेजारी मराठीत एक पाटी लावायला सांगा: दोन आठवड्यांपेक्षा जास्त पचनाचं औषध लागत असेल, वजन घटत असेल, शौच तेलकट किंवा डांबरासारखं काळं होत असेल, घास गिळताना अडकत असेल, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट फुगायला लागलं असेल, तर आधी डॉक्टर, मग बाटली. ती पाटी माझ्या काउंटरमागे असती, तर आठ महिन्यांत कधीतरी शिंप्यानं ती वाचली असती. निदान मी तरी.

मुलानं दुकानात ती पाटी स्वतःच हातानं लिहून लावली आहे. स्कीमच्या फुकट बाटल्या आता तो घेत नाही, त्यावरून होलसेलरशी थोडी खडाखडी झाली. काचेतली जुनी बाटली मी घरी आणून ठेवलीय, लेबलावरची तारीख अजून नीट वाचता येते. आपले निरीक्षक पुढच्या तपासणीला बार्शीत येतील तेव्हा ती त्यांच्या हवाली करीन. पेजेची वाटीही दाखवायला तयार आहे, फक्त सकाळी लवकर यावं म्हणावं. उन्हाळ्यात दुपारी पेज आंबते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधविक्रेता
बार्शी, जि. सोलापूर